निओ-६एम या जीपीएस मॉड्यूलला फिक्स मिळत नाही? दुसरं मॉड्यूल घेण्याआधी हे तपासा

"काल गच्चीवर चाललं होतं, आज लॅबमध्ये शून्य दाखवतंय." प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की इंदुरात ही तक्रार हमखास ऐकू येते, आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो: दुसरं मॉड्यूल घेऊ का? महारानी रोडवरून आणलेलं असो की ऑनलाइन मागवलेलं, बोर्ड बहुतेक वेळा तोच असतो. मधे निओ-६एमची धातूची चौकोनी डबी, छोट्या वायरने जोडलेला २५ मिलिमीटरचा सिरॅमिक अँटेना, आणि चार-पाच पिना. असं मॉड्यूल खरोखर मेलेलं निघणं फार क्वचित घडतं. कधी चालतं नि कधी चालत नाही, याचा अर्थच ते जिवंत आहे. त्याला उपग्रहांकडून जे ऐकायचंय ते पूर्ण ऐकू येत नाही, म्हणून फिक्स, म्हणजे स्वतःची जागा, ठरवता येत नाही, एवढंच. ते का ऐकू येत नाही, याच्यासाठी ही पोस्ट.

प्रोग्रॅम बाजूला ठेवा, कच्चा डेटा बघा

लोक सुरुवात लायब्ररीपासून, म्हणजे मॉड्यूलचा डेटा वाचणाऱ्या तयार कोडपासून, करतात आणि तिथेच अडकतात. लायब्ररी फक्त "लोकेशन नाही" एवढंच सांगते. का नाही, ते मॉड्यूल स्वतः सांगत असतं. ते थेट ऐकायची सोपी युक्ती आहे. आर्डुइनो ऊनो या कंट्रोलर बोर्डाची रिसेट पिन ग्राउंडला जोडा, म्हणजे त्याचा मेंदू झोपून राहील. मॉड्यूलची टीएक्स (डेटा पाठवायची पिन) ऊनोच्या १ नंबरच्या, म्हणजे त्याच्या टीएक्स, पिनला लावा. एरवी टीएक्सला टीएक्स जोडत नाहीत, पण इथे डेटा सरळ यूएसबीच्या चिपकडे जायचा आहे, म्हणून हेच बरोबर. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधला सिरियल मॉनिटर ९६०० बॉडवर (हा डेटाचा वेग) उघडा.

काहीच आलं नाही, तर दोष वायरीत किंवा सप्लायमध्ये आहे. मॉड्यूल चालू असताना ४० ते ५० मिलिअँपिअर, सुरुवातीला थोडं जास्तच खातं, आणि ऊनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनची मर्यादा ५० मिलिअँपिअर आहे. बोर्डावर स्वतःचा रेग्युलेटर असतो, त्यामुळे व्हीसीसीला (वीज घ्यायच्या पिनला) सरळ ५ व्होल्ट द्या. मात्र डेटाच्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत. ऊनोकडून मॉड्यूलच्या आरएक्सला (डेटा घ्यायच्या पिनला) जाणाऱ्या वायरीत १ किलोओम आणि २ किलोओमच्या रेझिस्टरांचा व्होल्टेज विभाजक टाका. खरं तर नुसतं वाचायचं असेल तर ती वायर लावायची गरजच नसते. ब्रेडबोर्डवरच्या ढिल्या जंपर वायरीबद्दल वेगळं काय सांगायचं, पिना सोल्डर करून टाका.

कचरा अक्षरं आली, तर बॉड रेट जुळत नाही. यात एक वरचेवर होणारा प्रकार आहे. कुणीतरी यू-सेंटर या सेटिंग बदलायच्या प्रोग्रॅममधून मॉड्यूल ३८४०० वर नेतं, दोन दिवस सगळं छान चालतं, मग सुट्टीनंतर कचरा. निओ-६एममध्ये फ्लॅश मेमरी नाही. सेटिंग बहुतेक बोर्डांवर बारीक बॅटरीच्या जिवावर टिकते, बॅटरी उतरली की मॉड्यूल पुन्हा ९६०० वर येतं. एकतर ९६०० वरच राहा, नाहीतर दर वेळी प्रोग्रॅमच्या सुरुवातीला सेटिंग पाठवा.

आणि तिसरी शक्यता: डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी दर सेकंदाला नीट येतायत, पण आत नुसते स्वल्पविराम. बघणाऱ्याचा चेहरा इथे पडतो, पण माझ्या मते ही सर्वात चांगली बातमी आहे. मॉड्यूल ठीक, वायरिंग ठीक, बॉड ठीक. आता प्रश्न फक्त आकाशाचा उरला.

बोर्डावरचा दिवा लुकलुकत नाही म्हणून घाबरू नका. तो बिघाडाचा दिवा नाही. फिक्स मिळाल्यावरच तो सेकंदाला एकदा लुकलुकायला लागतो.

जीएसव्हीच्या ओळी वाचायला शिका

डॉलरच्या चिन्हानंतर प्रत्येक ओळीचं नाव असतं. नावात आरएमसी असलेल्या ओळीत वेळेनंतर "व्ही" असेल तर फिक्स नाही, "ए" असेल तर आहे. एवढं सगळ्यांना माहीत असतं. खरं निदान मात्र जीएसव्हीच्या ओळीत आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. तिथे प्रत्येक उपग्रहाचे चार आकडे असतात: त्याचा क्रमांक, क्षितिजापासून उंची, दिशा, आणि शेवटी सिग्नलची ताकद. हा चौथा आकडा महत्त्वाचा. मोकळ्या गच्चीवर तो चाळिशीच्या आसपास किंवा वर दिसायला हवा. चार उपग्रह तिशीच्या पुढे असतील तर थोडा धीर धरा, फिक्स येईल. सगळे पंचविशीच्या खाली रेंगाळत असतील तर तासभर बसून राहिलात तरी नव्याने सुरू केलेलं मॉड्यूल काही देणार नाही. चौथी जागाच रिकामी असेल, तर तो उपग्रह असायला हवा हे मॉड्यूलला ठाऊक आहे, पण ऐकू येत नाहीये.

४० किंवा ४१ असा क्रमांक दिसला तर गोंधळू नका. ते आपल्या गगन यंत्रणेचे, म्हणजे जीपीएसची अचूकता वाढवायला इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभारलेल्या सेवेचे उपग्रह आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे. गच्चीवर चालू केलेलं मॉड्यूल खोलीत आणलं तर चालत राहतं, पण खोलीतच चालू केलं तर चालत नाही. हे लहरीपण नाही, यामागे साधा हिशेब आहे. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. १५७५.४२ मेगाहर्ट्झवरचा त्यांचा सिग्नल मोकळ्या मैदानात पोहोचतो तेव्हा त्याची ताकद साधारण उणे १२८ डीबीएम उरते (हे ताकद मोजायचं एकक; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल अशक्त). निओ-६एमच्या माहितीपत्रकात दोन वेगळे आकडे दिले आहेत: एकदा पकडलेला सिग्नल ते उणे १६१ डीबीएमपर्यंत धरून ठेवू शकतं, पण कोरी सुरुवात (आधीची काहीच माहिती नसताना) करायची असेल तर किमान उणे १४७ लागतो. दोन्हींत १४ डेसिबलचं अंतर, म्हणजे पंचवीस पट. काँक्रीटच्या स्लॅबने वीस-एक डेसिबल सहज खाल्ले की सिग्नल जातो उणे १४८ वर. धरून ठेवायला भरपूर, सुरुवात करायला जरासा कमी. तुमची लॅब नेमकी त्या फटीत बसलेली असते.

कोऱ्या सुरुवातीला इतकं का लागतं? कारण उपग्रह स्वतःची कक्षा नेमकी सांगतो तो मजकूर सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने येतो. ३० सेकंदांचा एक फेरा, त्यातले १८ सेकंद या कक्षेच्या माहितीचे. मधेच कुणी अँटेनावर हात धरला, सिग्नल क्षणभर तुटला, की तो तुकडा गेला, पुढच्या फेऱ्याची वाट बघा. आणि हे चारही उपग्रहांकडून पूर्ण व्हायला हवं. माहितीपत्रकात कोऱ्या सुरुवातीला २७ सेकंद लिहिलेत ते आकाश पूर्ण उघडं असतानाचे. खिडकीत तेच दहा-पंधरा मिनिटांवर जातं, किंवा कधीच होत नाही. मॉड्यूल हातात धरून "आता येईल, मग येईल" करत फिरणारे लोक स्वतःच फिक्स लांबवत असतात. गच्चीवर ठेवा, खाली जा, चहा पिऊन या.

रोज सकाळी पहिल्यापासून का?

एकदा मिळालेली कक्षेची माहिती साधारण चार तास उपयोगी असते. तेवढ्यात मॉड्यूल बंद करून पुन्हा चालू केलं तर एका सेकंदात फिक्स यायला हवा, बोर्डावरच्या बारीक बॅटरीमुळे. तुमच्याकडे दहा मिनिटं बंद ठेवल्यावरही पुन्हा मिनिटामिनिटांची वाट बघावी लागत असेल, तर बॅटरीवर संशय घ्या. ही बॅटरी चार्ज होणारी असते आणि दुकानात पडून राहिल्याने ती पूर्ण उतरलेली असते. मॉड्यूल काही तास चालू ठेवा, बंद करा, आणि थोड्या वेळाने मल्टिमीटरने तिचा व्होल्टेज बघा. झपाट्याने एका व्होल्टच्या खाली घसरत असेल तर ती गेली. बदलता येते, पण माझं मत विचाराल तर प्रोजेक्टच्या डब्यात जागा असेल तेव्हा मॉड्यूलचा सप्लाय चालूच ठेवावा, तेवढी वीज परवडते.

इंदूरचं आकाश

इंदूर साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात, त्यामुळे ते ५५ अंशांच्या उत्तरेला कधी जातच नाहीत. याचा आपल्यासाठी अर्थ असा, की इथून बरोबर उत्तरेला तोंड करून पाहिलं तर क्षितिजापासून सुमारे ४५ अंश उंचीपर्यंत एकही जीपीएस उपग्रह कधीही नसतो. आणि खिडकीतून दिसतं ते नेमकं तेवढंच आकाश. ईशान्य-वायव्येचे एखाद-दोन मिळतील, पण चार जुळणं कठीण. तुमच्या वर्गाच्या खिडक्या उत्तरेकडे असतील तर तिथे टेबल लावून तपासणं सोडून द्या. दक्षिणेची खिडकी मिळाली तर कितीतरी फरक पडतो, विशेषतः वर सज्जा नसेल तर. प्रदर्शनात स्टॉल मिळताना लोक पंखा नि प्लग बघतात; जीपीएसवाल्यांनी दिशा बघावी.

शहरात फिरताना वेगळा त्रास असतो. सराफ्याच्या गल्लीत किंवा राजवाड्यामागच्या अरुंद बोळांत सिग्नल भिंतींवर आपटून येतो. फिक्स जात नाही, पण नकाशावर तुम्ही शेजारच्या गल्लीत, कधी कुणाच्या घरात दिसता. मॉड्यूल बदलून यात काडीचा फरक पडणार नाही. सुपर कॉरिडॉरसारख्या मोकळ्या रस्त्यावर तोच ट्रॅकर नीट रेघ काढतो, तिथे एकदा चालवून बघा म्हणजे खात्री पटेल. पत्र्याच्या शेडखाली मात्र आशाच सोडा. स्लॅब सिग्नल अशक्त करतो, पत्रा तो अडवतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या भागात लागू पडते आणि परदेशी व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही. भूचुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. त्याच्या दोन्ही बाजूंना, साधारण पंधरा अंश अंतरावर आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, सर्वात दाट होतं, आणि उत्तरेकडचा हा पट्टा मध्य भारतावरून, इंदूर-भोपाळच्या आसपास येतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर, विशेषतः रात्री आठ ते मध्यरात्र, इथे सिग्नल चमकल्यासारखा वरखाली होतो. सूर्यावरची हालचाल वाढलेली असेल त्या वर्षांत जास्त. सध्याच्या सौरचक्राचा उच्चांक २०२४ च्या सुमारास होता. आयआयटी इंदूरमधले संशोधक याचाच अभ्यास करतात. आपल्या स्वस्त, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या मॉड्यूलला अशा रात्री उंची भलतीच दिसते, उपग्रह सुटतात आणि पुन्हा जुळतात. दिवसा ठीक आणि त्या काळात फक्त रात्री बिघडत असेल, तर सोल्डरिंग उकरत बसण्याआधी सकाळी पुन्हा बघा.

उंचीवरून आठवलं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. जीजीएच्या ओळीतली उंची याच्या आसपास वीस-तीस मीटर नाचली तर चालतं. उंची हे या यंत्रणेचं कच्चं अंग आहे.

शेजारी कोण बसलंय

एकटं मॉड्यूल गच्चीवर चाललं, आणि डब्यात बसवल्यावर थांबलं? मग शेजाऱ्यांकडे बघा. स्वस्त बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा बोर्ड), एसडी कार्ड, ओएलईडी डिस्प्ले, कॅमेरा, मोबाइल नेटवर्कचं जीएसएम मॉड्यूल: हे सगळे थोडाफार गोंगाट करतात, आणि वर सांगितलेला तो उणे १२८ चा सिग्नल या गोंगाटात सहज बुडतो. शोधायची पद्धत साधी आहे. जीएसव्हीचा चौथा आकडा बघत राहा आणि एकेक भाग बंद करा. ज्याच्या बंद होण्याने आकडे पाच-सहाने वर जातात तो गुन्हेगार. अँटेना त्याच्यापासून शक्य तितका दूर न्या. सिम८००एल हे जीएसएम मॉड्यूल असेल तर दुहेरी त्रास: प्रसारणाच्या क्षणी तो दोन अँपिअरपर्यंत ओढतो आणि सप्लाय खाली बसला की जीपीएस मॉड्यूल रिसेट होतं, आणि बारीक बॅटरी उतरलेली असेल तर परत कोरी सुरुवात. मोबाइल चार्जरवर चालवलेल्या ट्रॅकरचं रोजचं दुखणं हेच असतं. जीएसएमजवळच हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, आणि जमलं तर त्याला वेगळा सप्लाय द्या.

अँटेनाचा फिकट सिरॅमिकचा, मधे सोल्डरचा ठिपका असलेला भाग आकाशाकडे हवा. डबी नीटनेटकी दिसावी म्हणून तो उलटा, किंवा उभा, किंवा चक्क बोर्डाखाली चिकटवलेला अनेकदा दिसतो. डबी प्लास्टिकची घ्या, स्टीलची नको. अँटेनाचं इवलंसं गोल कनेक्टर वारंवार काढू-घालू नका, ते तीसेक वेळांच्या जोडणीपुरतंच बनवलेलं असतं. ढिलं झालं की सगळे आकडे एकदम दहा-पंधराने पडतात.

गाडीसाठी मिळतो तो चुंबकवाला बाहेरचा अँटेना घेतलात तर आधी बोर्डाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. मधला बिंदू आणि कडा यांत तीन व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत, कारण त्या अँटेनातल्या ॲम्प्लिफायरला वीज याच वायरीतून जाते. व्होल्टेज नसेल तर महागडा अँटेना लावून साध्याहून वाईट निकाल येतो.

फिक्स आहे, पण नकाशावर भलतीकडे

इथे गडबड प्रोग्रॅमची असते. सर्वात गाजलेली अशी: कच्च्या ओळीत अक्षांश अंश आणि मिनिटांत असतो, दशांश अंशांत नाही. राजवाड्याजवळ उभं राहून तुम्हाला साधारण २२४३.११६ आणि ०७५५१.३१८ असं दिसेल. म्हणजे २२ अंश ४३.११६ मिनिटं, आणि ७५ अंश ५१.३१८ मिनिटं. कुणी नुसता शंभराने भाग देऊन २२.४३११६ आणि ७५.५१३१८ नकाशात टाकलं, तर बिंदू सुमारे ३२ किलोमीटर दक्षिणेला आणि ३५ किलोमीटर पश्चिमेला सरकतो: महूच्या पलीकडे, मानपूरच्याही पश्चिमेला. तुमचा ट्रॅकर दर वेळी त्या बाजूच्या रानात सापडत असेल तर हेच झालंय. मिनिटांना साठाने भागा आणि अंशांत मिळवा, २२.७१८६ मिळेल. टायनीजीपीएस प्लस प्लस ही लायब्ररी हे स्वतः करते. हाताने ओळी फोडणाऱ्यांनाच हा अपघात होतो.

दुसरी: बिंदू एकाच जागी अडकतो आणि एक किलोमीटर गेल्यावर उडी मारतो. आर्डुइनो दशांश संख्या छापताना स्वतःहून दोनच घरं छापतो, आणि अक्षांशाच्या एका अंशाचा शंभरावा भाग म्हणजे १.१ किलोमीटर. छापताना सहा घरं मागा.

तिसरी जास्त छळते, कारण ती कधी होते कधी नाही. लूपमध्ये एक सेकंदाचा डिले टाकलेला असतो. सॉफ्टवेअर सिरियलच्या (साध्या पिनांवर कोडने डेटा वाचायच्या पद्धतीच्या) साठवणीत फक्त ६४ अक्षरं मावतात आणि ९६०० बॉडवर ती ७० मिलिसेकंदांत भरते. एकेक ओळ ८० अक्षरांपर्यंत, त्यात दर सेकंदाला अर्धा डझन ओळी. बाकी सगळं वाहून जातं, ओळी अर्धवट तुटतात, चेकसम (ओळ नीट आली का ते तपासायचा आकडा) चुकतो. लायब्ररीतला चुकलेल्या चेकसमचा आकडा छापून बघा. तो सतत वाढत असेल तर शोध संपला. डिले काढा, त्याऐवजी लायब्ररीच्या उदाहरणातला स्मार्टडिले वापरा, जो थांबतानाही वाचत राहतो. रंगीत एलईडीच्या पट्ट्या आणि सर्व्हो सोबत असतील तर सॉफ्टवेअर सिरियलचा नाद सोडा. ईएसपी३२ बोर्ड घ्या, त्यात तीन हार्डवेअर सिरियल आहेत.

वेळ साडेपाच तास मागे दिसते तो बिघाड नाही, ती जागतिक वेळ आहे. मात्र साडेपाच तास मिळवताना तारीख बदलायला विसरू नका, नाहीतर पहाटेच्या नोंदी आदल्या दिवसात जातील. तारीख जवळपास वीस वर्षं मागची दिसली तर ते वेगळं: जीपीएस आठवडे १०२४ पर्यंतच मोजतं आणि पुन्हा शून्यावर येतं. असं १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०१९ च्या ६ एप्रिलला झालं आहे. जुन्या फर्मवेअरला त्याचा हिशेब लागत नाही. प्रोग्रॅममध्ये १०२४ आठवडे, म्हणजे ७१६८ दिवस मिळवा. लोकेशनवर याचा परिणाम होत नाही.

नाव निओ, आत दुसरंच

चालू होताना मॉड्यूल स्वतःची ओळख सांगणाऱ्या काही ओळी पाठवतं. अस्सल निओ-६एममध्ये यू-ब्लॉक्स या कंपनीचं नाव आणि रॉम कोअर ७.०३ असं दिसतं. ओळींच्या सुरुवातीला जीपीऐवजी जीएन किंवा बीडी असेल, तर वरचं लेबल काहीही म्हणो, आत दुसरी चिप आहे, कारण निओ-६एमला चिनी बैदू उपग्रह ऐकूच येत नाहीत. ही चिप यू-सेंटरच्या आज्ञांना उत्तर देत नाही, म्हणून "सेटिंग सेव्ह होत नाही" ही तक्रार येते. अगदी जुनी लायब्ररी फक्त जीपीने सुरू होणाऱ्या ओळी ओळखते, तिला यातून काहीच मिळत नाही. लायब्ररी नवी घ्या. फसवणुकीचा राग येणं रास्त आहे, पण दोन यंत्रणांचे उपग्रह मिळत असल्याने राजवाड्याच्या बोळात ही नकली मॉड्यूल कधी कधी अस्सलपेक्षा बरी वागतात. नुसता ट्रॅकर करायचा असेल तर ठेवून द्या. वेग पाच हर्ट्झवर (सेकंदाला पाच नोंदी) न्यायचाय, सेटिंगं बदलायचीत, तर परत करा.

एवढं करूनही अडलं तर विचारा, पण विचारताना फिक्स नसतानाच्या सलग पाच-सहा जीएसव्ही ओळी, सप्लाय कशातून दिलाय, आणि खिडकी कोणत्या दिशेला आहे एवढं लिहा. सर्किटचा फोटो नसला तरी चालेल.